उएदांच्या वाळवंटात चार दिवस

कऱ्हाडला आमचा फोटो स्टुडिओ होता. बाबा बाहेर फोटो काढायचे आणि आई आतल्या खोलीत बसून निगेटिव्हला टचिंग करायची, म्हणजे त्यावरचे डाग घालवायची. खिडकीकडे निगेटिव्ह धरून, अणकुचीदार पेन्सिलीनं, श्वास रोखून. बाबा गेले तेव्हा स्टुडिओचं शटर खाली आलं ते आलंच. मी नोकरीसाठी जपानमधल्या कोबेला आले त्याला आता सहा वर्षं झाली.

दोन वर्षांपूर्वी इथल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला शोजी उएदा या जपानी फोटोग्राफरच्या फोटोंचं पुस्तक मिळालं. त्यातला एक फोटो १९४९ सालचा. वाळूवर एक अख्खं कुटुंब ओळीनं उभं आहे. मागे काही नाही, वर रिकामं आभाळ. आई किमोनोमध्ये, एक मुलगा सायकल घेऊन. हे उएदांचं स्वतःचंच कुटुंब. मी तो फोटो आईला व्हॉट्सअॅपवर पाठवला. तिचं उत्तर आलं, "ओळीत आहेत, पण कुणी कुणाला चिकटलेलं नाही. उभं करणाऱ्याला माणसं उभी करता येतात." यंदा ती दिवाळीला माझ्याकडे आली, तेव्हा तिला कुठे न्यायचं हे ठरलेलंच होतं.

आधी उएदांबद्दल थोडं सांगते. जन्म १९१३ चा, जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या साकाइमिनातो या बंदराच्या गावातला. वडिलांचा लाकडी खडावांचा धंदा. मुलगा टोकियोला जाऊन फोटोग्राफी शिकला आणि १९३२ मध्ये, वयाच्या १९व्या वर्षी, गावात परत येऊन त्यानं स्टुडिओ थाटला. १९३५ ला लग्न झालं. पुढे १९५४ चं निका या जपानी कलासंस्थेचं पारितोषिक, १९७५ चा जपान फोटोग्राफिक सोसायटीचा पुरस्कार, १९७८ मध्ये फ्रान्समधल्या आर्लच्या फोटोमहोत्सवाचं आमंत्रण आणि १९९६ मध्ये फ्रेंच सरकारचा कला-साहित्यासाठीचा किताब. फ्रान्समध्ये त्यांच्या शैलीला जपानी शब्दातच 'उएदा-चो' म्हणतात, म्हणजे उएदांची धाटणी. एवढं सगळं होऊनही माणूस गाव सोडून गेला नाही आणि आयुष्यभर स्वतःला हौशी फोटोग्राफरच म्हणवत राहिला. २००० साली ते गेले.

पहिला दिवस, शुक्रवार ७ नोव्हेंबर: तोत्तोरी

कोबेच्या सान्नोमिया स्टेशनवरून 'सुपर हाकुतो' गाडी थेट तोत्तोरीला जाते. हिमेजी मागे पडलं की थोड्या वेळानं डोंगर आणि बोगदे सुरू होतात. आईनं डब्यातल्या चकल्या काढल्या. बोगद्यांच्या पलीकडे उतरलो आणि हवा पार बदलली. कोबेत लख्ख ऊन होतं, इथे भुरभुर पाऊस. या भागात एक म्हण आहे: शिदोरी विसरलीस तरी चालेल, छत्री विसरू नकोस. नोव्हेंबरात जाणार असाल तर ही म्हण शब्दशः घ्या. उएदांच्या फोटोंत इतक्या छत्र्या का दिसतात, याचं निम्मं उत्तर मला स्टेशनबाहेरच मिळालं.

स्टेशनवरून बसनं वीसेक मिनिटांत वाळूच्या टेकड्यांपाशी पोचतो. झाडांमधून चार पायऱ्या चढलं की एकदम समोर वाळू. पूर्व-पश्चिम १६ किलोमीटर आणि समुद्राकडून आत जवळजवळ अडीच किलोमीटर असा हा पट्टा आहे. मधोमध 'घोड्याची पाठ' नावाची उंच धार, तिच्यापलीकडे समुद्र. हे वाळवंट कोरड्या हवेनं झालेलं नाही, इथे तर पाऊस भरपूर. चुगोकु डोंगररांगांतला ग्रॅनाइट झिजतो, सेंदाइ नदी त्याची वाळू समुद्रात नेते, लाटा ती किनाऱ्यावर परत टाकतात आणि वारा तिला आत ढकलतो. हे एक लाख वर्षं चाललं आहे.

हे मी आईला समजावत होते. ती वाकून चपला काढत होती.

"अगं, बूट भाड्यानं मिळतात इथे. वाळू ओली आहे, गार लागेल."

"वाळवंटात चपला घालून जातं का कुणी?"

तिच्या माहेरी वारी आहे. तिच्या लेखी वाळवंट म्हणजे चंद्रभागेचं. मग मीही बूट काढले. ओली वाळू खरंच गार होती, पण पाय रुतत नव्हते, चालायला सोपी होती. धारेच्या टोकावर माणसं उभी होती, मुंगीएवढी. ती लांब आहेत की लहान आहेत ते कळेना, कारण शेजारी मापायला झाड नाही की घर नाही. आई बराच वेळ नुसती तेच बघत राहिली. साडेचारला अंधारून आलं. नोव्हेंबरात इथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा दुपारची बस पकडायची असेल तर लवकरची पकडा.

रात्री स्टेशनजवळच्या छोट्या हॉटेलात जेवलो. मोसा-एबी नावाची तपकिरी कोळंबी इथे मिळते. ती इतकी लवकर खराब होते की फारशी बाहेर पाठवत नाहीत, म्हणून इथेच खायची. आईनं आधी नाक मुरडलं, मग माझ्या ताटलीतल्याही घेतल्या. सोबत राक्क्यो, म्हणजे छोट्या कांद्यासारख्या कंदाचं आंबटगोड लोणचं. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावं: भाज्यांच्या सुपातही माशाचं पाणी असतं, आधी विचारून घ्या. पर्याय म्हणून नुसता भात, राक्क्यो आणि साधं तोफू कुठेही मिळतं.

दुसरा दिवस, शनिवार: सकाळची वाळू

पहाटे टॅक्सी करून पुन्हा टेकड्यांवर गेलो. सकाळी लवकर जाच. रात्री पाऊस थांबून वारा सुटला होता, कालची सगळी पावलं पुसली गेली होती. वाळूवर वाऱ्याच्या रेघा उमटल्या होत्या, नऊवारीच्या निऱ्यांसारख्या, एकसारख्या, थेट चढापर्यंत. त्यांच्यावर पाय टाकायला जीव होईना.

आभाळ पांढरं होतं. सावली नाही. आई म्हणाली, "हा पडदा आहे."

"कुठला पडदा?"

"आपला करडा पडदा. आठवत नाही?"

आठवत होता. स्टुडिओत तीन पडदे होते. एकावर बागेतला जिना आणि कारंजं, एकावर ताजमहाल, आणि तिसरा नुसता करडा. गिऱ्हाइकाला नेहमी जिना नाहीतर ताजमहाल हवा असायचा. बाबांचा जीव करड्या पडद्यात. म्हणायचे, मागे काही नसलं की माणूस दिसतो. पासपोर्ट फोटोशिवाय तो पडदा कुणी मागितला नाही.

मग ती सांगत गेली आणि मी ऐकत राहिले. स्टुडिओवाल्याला दिवसभर एकच काम असतं, माणसं उभी करणं. सासू कुठे, नवी सून कुठे, मांडीवरचं मूल कुणाकडे. कुणाच्या हाताचं काय करायचं. हात मोकळे राहिले की माणूस अवघडतो, म्हणून फुलदाणी द्यायची, छत्री द्यायची, पुस्तक द्यायचं. "या माणसानं दुसरं काय केलंय? दुकानातलं काम उचलून वाळूवर आणलं. फक्त त्याला करडा पडदा फुकट मिळाला आणि मैलभर लांब मिळाला."

उएदांवर मी जे काही वाचलं होतं त्यात अतिवास्तववादाची, म्हणजे स्वप्नातल्यासारखी दृश्यं मांडणाऱ्या कलेची, चर्चा होती, युरोपातल्या चित्रकारांशी तुलना होती. तीही खरी असेल. पण १९ व्या वर्षापासून गावातल्या लोकांचे फोटो काढून पोट भरणाऱ्या माणसाबद्दल आईचं म्हणणं मला जास्त पटलं. आणि ते पटलं म्हणून पुढचंही समजलं. १९४९ मध्ये केन दोमोन हे टोकियोचे नावाजलेले फोटोग्राफर याच टेकड्यांवर फोटो काढायला आले होते आणि उएदा त्यांच्याबरोबर होते. पुढच्या काही वर्षांत याच दोमोन यांनी वास्तववादाचा झेंडा उचलला: माणसांना उभं करायचं नाही, जे घडतंय ते टिपायचं. युद्धानंतरच्या जपानमध्ये तो विचार जोरात पसरला. त्या काळात वाळूवर बायको-मुलं मांडून फोटो काढणारा गावाकडचा स्टुडिओवाला एका बाजूला पडणारच. त्यांनी धाटणी मात्र सोडली नाही. मधल्या वर्षांत त्यांनी इथल्याच, सानइन म्हणतात त्या किनाऱ्यावरच्या खेड्यांतल्या मुलांचे फोटो काढले, वर्षभराच्या ऋतूंनुसार, ते १९७१ साली पुस्तकरूपानं आले. त्यातही बर्फातली, जत्रेतली, रस्त्यावरची मुलं अशी काही उभी असतात, की वाटतं आत्ताच कुणीतरी "हलू नका" म्हटलंय.

टेकड्यांपासून जवळच फुकुबे भागात राक्क्योची शेतं आहेत. वाळूतच. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती जांभळ्या फुलांनी भरतात. आम्हाला बहर ओसरताना मिळाला, तरी उतारच्या उतार फिकट जांभळे होते. बांधावर एक आजी तण काढत होत्या. आईनं खुणेनं विचारलं, फूल तोडू का? आजींनी दोन तुरे स्वतः खुडून दिले आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, आईंच्या पायांत मोजे नाहीत, थंडी आहे. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "त्यांना सांग, पायच गार पडलेत, मोजे कुठवर घालू." हे काही मला जपानीत नीट सांगता आलं नाही.

दुपारच्या गाडीनं तासाभरात योनागो, तिथून बसनं काइके. समुद्रकाठचं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. १९०० साली कोळ्यांना समुद्रात बुडबुडे दिसले, त्यातून हे गाव वसलं. गाडीभर आई झोपली. संध्याकाळी गरम पाण्यात बसल्यावर तिचे गुडघे सैल झाले. मुक्काम योनागो शहरात करण्यापेक्षा इथे करा, पहाटे किनाऱ्यावरून दाइसेन पर्वत दिसतो. आम्हाला ढग दिसले.

तिसरा दिवस, रविवार: संग्रहालय

उएदा संग्रहालय होकी गावात भातशेतीच्या मधोमध उभं आहे. हाकुबी मार्गावरचं किशिमोतो हे जवळचं स्टेशन, पण गाड्या मोजक्या. आमची थोडक्यात चुकली, मग योनागोहूनच टॅक्सी केली. दोघं-तिघं असाल तर टॅक्सीच सोयीची. मंगळवारी बंद असतं, डिसेंबर ते फेब्रुवारी हिवाळ्यातही बंद असतं. म्हणून निघण्याआधी तारखा नक्की पाहा.

भात कापून झालेला, शेतं रिकामी, आणि त्यात काँक्रीटचे चार भलेमोठे ठोकळे. १९९५ साली उघडलेली ही इमारत शिन ताकामात्सु यांनी बांधली. ठोकळे चारच का? उएदांचा १९३९ चा एक प्रसिद्ध फोटो आहे: वाळूवर चार मुली, एकमेकींपासून अंतरावर, प्रत्येकीची उभं राहण्याची ढब वेगळी, कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. त्या चार मुली म्हणजे हे चार ठोकळे. त्यांच्यामधल्या फटींत उथळ पाणी भरलेलं आहे, आणि आभाळ मोकळं असलं की समोरचा १७२९ मीटरचा दाइसेन त्या पाण्यात उतरतो.

आभाळ मोकळं नव्हतं. टॅक्सीवाले काका हळहळले. "दुपारी उघडेल," म्हणाले, "दुसऱ्या मजल्यावर, मधल्या खिडकीशी थांबा. घाई करू नका." परतीची वेळ त्यांनी आमच्या वेळेपेक्षा तासभर पुढची लिहून घेतली.

आतल्या दालनांत प्रदर्शनं बदलत असतात, पण चार मुली आम्हाला भेटल्या. मी पुस्तकात पाहिलेला फोटो आणि भिंतीवरचा प्रिंट यांत फार फरक आहे. करड्याच्या किती छटा असतात! आई काचेच्या इतकी जवळ गेली की तिथली मुलगी दोन पावलं पुढे आली, मग थांबली. आई टचिंग शोधत होती. चेहरे बघत नव्हती, वाळू बघत होती. "डाग एक नाही. वाळूत डाग घालवणं किती अवघड, ठाऊक आहे?"

पुढे फोटोंत उएदांच्या पत्नी दिसू लागल्या. १९५० च्या सुमारास काढलेले फोटो, किमोनो नेसलेली बाई वाळूत उभी, मागे लांबवर माणसं. नोरिए त्यांचं नाव. आई त्यांच्यासमोर बसून राहिली, बाकावर, वीस मिनिटं तरी. मी हळूच सांगितलं की १९८३ मध्ये नोरिए गेल्या आणि उएदांनी कॅमेरा बाजूला ठेवला. वय ७०. मग धाकट्या पिढीनं हात धरला. त्यांचा एक मुलगा जाहिरातीच्या क्षेत्रात कलादिग्दर्शक होता. त्यानं कपड्यांच्या एका जाहिरातीचं काम वडिलांना दिलं आणि त्यांना पुन्हा टेकड्यांवर नेलं. सुटातले पुरुष, काळी छत्री, हवेत तरंगणारी हॅट, हे सगळे फोटो तेव्हाचे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे. आज जगभर उएदा म्हटलं की अनेकांना हेच आठवतात.

आई काही बोलली नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मुलानं बरं केलं." मला आमच्या स्टुडिओचं शटर आठवलं. मी कधी विचारलंच नव्हतं की ते खाली ओढताना तिला काय वाटलं. तिला बंद करायचा होता का, हेही नाही. त्या बाकावर विचारलं. ती म्हणाली, "पेन्सिली अजून आहेत माझ्याकडे. टोक काढून ठेवलेल्या." बाकीचं आमच्या दोघींतलं, इथे लिहीत नाही.

मग आम्ही अंधाऱ्या खोलीत गेलो. या खोलीची मला आधीपासून उत्सुकता होती. भिंतीत ६०० मिलिमीटर व्यासाचं भिंग बसवलंय, अख्ख्या संचाचं वजन ६२५ किलो. खोली म्हणजेच कॅमेरा. आधी उएदांवरची चित्रफीत दाखवतात, मग झडप उघडते आणि बाहेरचा दाइसेन समोरच्या भिंतीवर उमटतो. उलटा.

तोवर ढग थोडे वर सरकले होते. भिंतीवर शेतं वर, झाडं लटकलेली, पर्वताचा पायथा छताकडे, आणि शिखराच्या जागी नुसता ढग. खोलीतले चार-पाच जण "आऽऽ" म्हणाले, थोडे हिरमुसले. आईनं माझा दंड घट्ट धरला.

"बाबांचा लाकडी कॅमेरा!"

आमच्याकडे मोठा लाकडी कॅमेरा होता. शाळांचे ग्रुप फोटो त्यावर व्हायचे. बाबा काळ्या फडक्याखाली डोकं घालायचे, मागच्या दुधी काचेवर सगळं चित्र उलटं दिसायचं. लग्नानंतर पहिल्यांदा बाबांनी तिला फडक्याखाली घेतलं होतं, तेव्हा समोर कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम होता. पाणी वर, आभाळ खाली. ती घाबरून बाहेर आली होती. पन्नास वर्षांनी, जपानमधल्या एका खेड्यात, ती पुन्हा त्या फडक्याखाली होती आणि या वेळी बाहेर यायला तयार नव्हती. आम्ही पुढच्या खेळालाही बसलो.

मधल्या खिडकीच्या काचेवर हॅटचं चित्र आहे. नीट उभं राहिलं की ती दाइसेनच्या डोक्यावर बसते. आमची ढगावर बसली. फोटो काढायला छत्री, हॅट वगैरे मिळतात. रांग असते, मुलं असतील तर वेळ ठेवा. दालनांत फोटो काढण्याचे नियम असतात, आत जातानाच विचारा.

काका बरोबर तासभर उशिरा आले. शिखर काही उघडलं नाही. वाटेत त्यांनी एका दुकानाशी गाडी थांबवून आईला दाइसेनच्या दुधाची बाटली घेऊन दिली, पैसे घेतले नाहीत.

चौथा दिवस, सोमवार: साकाइमिनातो आणि युमिगाहामा

योनागो स्टेशनच्या शून्य नंबरच्या फलाटावरून साकाइमिनातोची छोटी गाडी सुटते. डब्यांवर भुतांची चित्रं, कारण भुतांच्या चित्रकथा काढणारे शिगेरु मिझुकी याच गावात वाढले. त्यांच्या नावाच्या रस्त्यावर भुतांचे पावणेदोनशेच्या वर ब्राँझचे पुतळे आहेत. महायुद्धात डावा हात गमावलेला हा माणूस उजव्या हातानं आयुष्यभर चित्रं काढत राहिला. एवढ्याशा बंदराच्या गावातून असे दोन कलावंत! पर्यटक सगळे भुतांकडे. उएदांबद्दल विचारलं की लोक थांबतात, मग हसून बोटानं समुद्राची दिशा दाखवतात.

खेकड्याचा हंगाम नुकताच सुरू झाला होता, बाजारात लाल ढीग. आईनं भाव विचारले, थक्क झाली, आणि आम्ही खेकड्याच्या सुपावर समाधान मानलं. ते खरंच छान होतं. तिथेच एका दुकानात निळ्या-पांढऱ्या युमिहामा कापडाचा रुमाल घेतला. सूत आधी बांधून नीळ चढवतात, मग विणतात. या वाळूतच पूर्वी कापूस व्हायचा.

युमिगाहामा म्हणजे धनुष्यासारखा वाकलेला, काइकेपासून साकाइमिनातोपर्यंत पसरलेला किनारा. मला इथे यायचंच होतं. तोत्तोरीच्या टेकड्या उएदांच्या घरापासून ९० किलोमीटरवर, पण ही वाळू दाराशी. घरच्यांना घेऊन ते इथेही फोटो काढायचे. हा किनाराही माणसाच्या हातानं वाढलेला आहे: वर डोंगरात लोखंडाच्या रेतीसाठी शतकानुशतकं माती धुतली गेली, ती हिनो नदीनं खाली आणली. ते काम थांबलं तेव्हा समुद्र किनारा खाऊ लागला, म्हणून काइकेला पाण्यात बांध घालावे लागले.

वाळू पांढुरकी, मागे काळे पाइन. कुणीही नव्हतं. आणि दाइसेन पूर्ण उघडा, शिखरासकट, खाडीच्या पलीकडे. आदल्या दिवशी यायला हवा होता तो.

मी आईचा फोटो काढायला फोन काढला, तर तिनं तो माझ्या हातातून घेतला.

"तू जा. तिथं. अजून लांब. अजून."

मी चालत राहिले. वाऱ्यात तिचा आवाज तुटक येत होता. छत्री उघड. उजव्या हातात नको, डाव्या. पर्वताकडे बघू नकोस, समुद्राकडे बघ. मान वर, हनुवटी खाली. बाबांचे शब्द, बाबांचाच सूर. छत्री वाऱ्यानं ओढत होती, मी ती दोन्ही हातांनी धरली, तर ओरडली, "एक हात!" किती वेळ उभी होते कोण जाणे. एवढ्या लांबून ती मला मुंगीएवढी दिसत होती, मी तिला तशीच दिसत असणार.

संध्याकाळी योनागोहून 'याकुमो'नं ओकायामा, तिथून शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन. 'याकुमो' डोंगरातून वळणं घेत जाते, ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी घेऊन बसावं. आईला काही झालं नाही. चष्मा चढवून ती फोनवरचा तो एकच फोटो दोन बोटांनी मोठा करत होती. वाळू, आभाळ, कोपऱ्यात मी.

"डाव्या डोळ्याखाली," ती म्हणाली, "जराशी पेन्सिल लागेल."